छोट्या कंपनीत अजाइल प्लॅनिंग कसं सुरू करायचं: एक भिंत, रंगीत चिठ्ठ्या आणि हातात कमी काम

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं पॅनल शॉप आहे, बावीस माणसं, इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवतो. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी फ्लोअरवर फिरून मोजलं तर बारा पॅनल उघडे पडलेले, वायरिंग सगळ्यांचं सुरू आणि पूर्ण एकही नाही, एकाला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आलेला नाही, एकाचं ड्रॉइंग कस्टमरकडे अप्रूव्हलला अडकलंय, एकाचा दरवाजा पावडर कोटिंगवाल्याकडेच आहे. आणि पोरं मात्र रोज रात्री आठपर्यंत थांबत होती. काम करत नव्हतं असं कोणीच नव्हतं, तरी डिस्पॅच होत नव्हता. त्यानंतर आम्ही जे जे बदललं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण अजाइल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करत प्लॅन बदलत जायची पद्धत, म्हटलं की लोकांना वाटतं ते पुण्याच्या आयटीवाल्यांचं काहीतरी आहे, आपल्या कामाचं नाही.

नाव आयटीतूनच आलंय हे खरं. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातलं एक तत्त्व असं की ठरलेल्या प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला तोंड देता येणं जास्त मोलाचं. पण यातली कानबान ही पद्धत, म्हणजे चिठ्ठ्या लावून काम सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं आणि हातातलं काम मोजकंच ठेवायचं, मुळात कारखान्यातलीच, टोयोटात ताइइची ओनो यांनी ती उभी केली. आपल्याकडे महिंद्रा आणि बॉशचे प्लांट असल्याने सातपूर-अंबडच्या बऱ्याच व्हेंडर लोकांच्या कानावरून हा शब्द गेलेला असतो. म्हणजे आपल्याच फ्लोअरवरची गोष्ट फिरून परत येतेय.

आधी भिंत

सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, निदान पहिले तीन महिने तरी नको. ऑफिस आणि फ्लोअरच्या मधली, सगळ्यांना येता-जाता दिसेल अशी भिंत निवडा आणि पांढरा बोर्ड लावा. रकाने तुमच्या कामाप्रमाणे करा, आमचे असे आहेत: ऑर्डर आली, ड्रॉइंग, मटेरियल, वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच. एका पॅनलची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कस्टमर, पीओची (पर्चेस ऑर्डरची) तारीख, कोणाकडे आहे त्याचं नाव, बस. काम अडलं की तिच्यावर लाल ठिपका आणि कशामुळे अडलं ते दोन शब्दांत. आमच्या बोर्डवर पहिल्याच दिवशी सात लाल ठिपके लागले आणि त्यातले पाच मटेरियलचे, त्याआधी सगळेजण वायरिंगवाली पोरं स्लो आहेत असं म्हणत होते. त्या पोरांना वर्षभर उगाच बोलणी खावी लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

एक नियम पहिल्या दिवसापासून लावा: व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर आलेलं काम भिंतीवर चिठ्ठी लागल्याशिवाय काम नाही. मालकाने सांगितलेलं असलं तरी.

मग हातातलं काम कमी करा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात. बोर्ड लावतात, फोटो काढतात, आणि वायरिंगच्या रकान्यात पंधरा चिठ्ठ्या तशाच राहतात.

हिशोब बघा. बारा पॅनल उघडे आहेत आणि आठवड्याला तीन बाहेर पडतात, तर आज उघडलेला पॅनल सरासरी चार आठवड्यांनी बाहेर पडणार. वेग तोच ठेवून एका वेळी सहाच उघडले तर दोन आठवडे. उघडे पॅनल भागिले आठवड्याला बाहेर पडणारे, की आठवडे मिळतात; जॉन लिटल यांनी 1961 मध्ये या नियमाची गणिती सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. आता कोणी म्हणेल की बाकीचे सहा बाहेर रांगेत थांबतातच ना, कस्टमरला काय फरक पडला? पडतो, कारण रांगेत थांबलेल्या ऑर्डरचा क्रम बदलता येतो, ड्रॉइंग बदललं तर केलेलं वायरिंग उसवावं लागत नाही, आणि त्या सहा पॅनलच्या तांब्याच्या बसबारात आणि स्विचगिअरमध्ये तुमचा पैसा आधीच अडकत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. द्राक्षाच्या वेलीवर लागतील तेवढे घड ठेवले तर एकही धड फुगत नाही, म्हणून तर विरळणी करतो आपण.

आकडा किती ठेवायचा? वायरिंगला माणसांच्या जेवढ्या जोड्या असतील तेवढेच पॅनल, वर एक. आमच्या पाच जोड्या, म्हणून वायरिंगच्या रकान्यात सहा. तो आकडा रकान्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा. सहा भरले की सातवी चिठ्ठी आत येत नाही, ज्याचा हात मोकळा आहे त्याने अडलेलं सोडवायला जायचं, ड्रॉइंगवाल्याने कस्टमरला फोन लावायचा, परचेसवाल्याने सप्लायरच्या मागे लागायचं. आणि वायरिंग अर्ध्यावर अडू नये म्हणून पूर्ण मटेरियल हातात आल्याशिवाय पॅनल वायरिंगला घ्यायचाच नाही, या एका सवयीने आमचे लाल ठिपके निम्म्यावर आले.

पहिले दोन आठवडे त्रास होतो, माणसं रिकामी दिसतात आणि मालकाचा जीव खालीवर होतो. तेव्हा शेठजींना आधीच सांगून ठेवा की माणूस रिकामा दिसला तर ओरडू नका, चिठ्ठी जागेवरून हलत नसेल तर ओरडा. अर्जंटसाठी एकच वेगळी पिवळी चिठ्ठी ठेवा, एका वेळी एक. दुसरं अर्जंट आलं तर पहिलं अर्जंट उतरवायचं, आणि ते मालकाने स्वतःच्या हाताने उतरवायचं. आमच्याकडे हे सुरू झालं आणि अर्जंट शब्दच कमी ऐकू यायला लागला.

आठवड्याचा प्लॅन आणि सकाळची दहा मिनिटं

स्क्रम या अजाइलमधल्याच दुसऱ्या पद्धतीत कामाची फेरी जास्तीत जास्त एक महिन्याची असते, तिला स्प्रिंट म्हणतात. आपल्यासारख्यांना एक आठवडा बरा. सोमवारी अर्धा तास सगळ्यांनी बसून ठरवायचं की शनिवारपर्यंत कोणते पॅनल बाहेर काढायचे, आणि अंदाज ज्याने काम करायचंय त्यानेच द्यायचा, ऑफिसातल्याने नाही. अंदाज देताना सुट्ट्या आधी लिहा. आमच्यातल्या सहा-सात जणांची घरची द्राक्षबाग आहे, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी या दिवसांत ती पोरं रजा टाकणारच, त्यात लग्नसराई वेगळी. हे दरवर्षी ठरलेलं असतं आणि तरी आम्ही दरवर्षी बावीस माणसं धरून तारखा द्यायचो!

रोज सकाळी बोर्डासमोर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. उजवीकडून सुरू करा, म्हणजे डिस्पॅचजवळच्या चिठ्ठ्या आधी. माणसाला विचारू नका की काल काय केलं, चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारा की ही पुढे सरकायला काय लागेल. विचारण्यातल्या या फरकाने हेल्पर पोरंसुद्धा बोलायला लागतात, नाहीतर रोजची हजेरी होऊन बसते ती. मोठी चर्चा निघाली तर ते दोघं-तिघं नंतर थांबतील, बाकीच्यांना सोडा.

शनिवारी चहाबरोबर वीस मिनिटं फक्त दोन प्रश्न, काय अडलं आणि पुढच्या आठवड्यात कोणती एकच गोष्ट बदलू. एकच. पाच ठरवल्या तर एकही होत नाही.

स्वतःच्या टेबलावर

भिंत नीट चालली तरी परचेसवाला दिवसभर फोनवरच असेल तर काम तिथे अडतं. यासाठी फार काही नको. खिशात छोटी डायरी ठेवा, डोक्यात आलेलं, कोणी सांगितलेलं सगळं लगेच तिच्यात, आणि संध्याकाळी निघण्याआधी त्यातलं भिंतीवर जायचं ते भिंतीवर. 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक लिहिणारे डेव्हिड ॲलन यांचा दोन मिनिटांचा नियमही इथे कामाला येतो, दोन मिनिटांत होणारं काम लिहीत बसू नका, करून टाका.

ड्रॉइंगवाल्यांसाठी पोमोडोरो चांगली आहे. इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो शिकत असताना, 1980 च्या दशकाच्या शेवटी, किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास करायचे, पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. 25 मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं उठायचं, असे चार झाले की मोठी सुट्टी. आमची डिझाइनर ताई जेवणाआधी असे चार लावते, फोन ड्रॉवरमध्ये, आणि तेवढा वेळ तिला कोणी हाक मारायची नाही असं ठरलंय. टर्मिनल नंबरिंगच्या चुका टेस्टिंगला सापडणं त्यामुळे खूप कमी झालं. वायरिंगच्या पोरांवर मात्र हे लादू नका, त्यांचं काम हाताच्या लयीत चालतं, मध्येच टायमर वाजला तर उलट तुटतं.

कस्टमरला तारीख देताना

डिस्पॅच झालेल्या चिठ्ठ्या फेकू नका. प्रत्येकीवर काम सुरू केल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख घाला आणि खोक्यात ठेवा. वीस जमल्या की दिवस मोजून लहान ते मोठे अशा क्रमाने लावा आणि सतरावी चिठ्ठी बघा, म्हणजे वीसातले सतरा पॅनल तेवढ्या दिवसांत किंवा आधीच बाहेर पडलेत. ती 16 दिवसांची असेल तर साधारण तसाच पॅनल मागणाऱ्याला, रांगेतले दिवस धरून आणि वर ते 16 धरून तारीख सांगा. सरासरीवर तारीख देऊ नका, साधारण निम्मे पॅनल सरासरीच्या पुढेच जातात. आणि तारीख हुकणार असं बोर्डवर दिसलं की त्याच दिवशी आपणहून फोन करा, कस्टमरचा फोन यायची वाट बघू नका.