लॅटिस क्यूसीडी: पेटीच्या आकारामुळे येणारी चूक कशी मोजायची

लॅटिस क्यूसीडीत क्वार्कांमधल्या प्रबळ बलाचं गणित एका मर्यादित पेटीतल्या बिंदूंच्या जाळीवर, म्हणजे लॅटिसवर, करतात. त्यामुळे तिथे मोजलेलं पायॉनचं (क्वार्कांपासून बनलेल्या सगळ्यांत हलक्या कणाचं) वस्तुमान त्या पेटीतल्या पायॉनचं असतं. पेटीच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे पायॉन एका बाजूने बाहेर पडून दुसरीकडून आत येतो आणि आपल्याच प्रतिमांना भेटतो. मार्टिन ल्यूशर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की पेटी वाढवत गेल्यावर स्थिर कणाच्या वस्तुमानातली ही चूक घातांकी वेगाने घटते. तो वेग सगळ्यांत हलका कण, म्हणजे पायॉनच ठरवतो. म्हणून सुरुवात करायची ती 'एम-पाय-एल'पासून: पायॉनचं वस्तुमान एमईव्हीत, बाजूची लांबी फर्मीत, दोन्हींचा गुणाकार, भागिले १९७.३. ०.०९ फर्मी अंतरावर ६४ बिंदू ठेवले तर बाजू ५.७६ फर्मी होते आणि १३५ एमईव्हीच्या पायॉनसाठी उत्तर येतं ३.९४. चारच्या खाली उतरायचं नाही, असा प्रघात आहे.

पण तो प्रघातच. आपल्या राशीत चूक किती येईल, हे काइरल सिद्धांताच्या (कमी ऊर्जेच्या पायॉनांचं वर्णन करणाऱ्या सिद्धांताच्या) एका लूपच्या, म्हणजे पहिल्या दुरुस्तीच्या, सूत्राने स्वतः काढून पाहावं. पायॉनच्या वस्तुमानाचा वर्ग घ्या आणि त्याला (४ × पाय × ९२.२ एमईव्ही) च्या वर्गाने भागा; ०.०१३६ मिळेल. इथे ९२.२ एमईव्ही हा पायॉनचा क्षय स्थिरांक, म्हणजे तो किती सहज क्षय पावतो याचं माप. आता प्रतिमांची बेरीज. अंतर पेटीच्या बाजूच्या पटीत मोजलं तर त्याचा वर्ग १, २, ३, ४, ५ असलेल्या प्रतिमा अनुक्रमे ६, १२, ८, ६, २४ असतात. प्रत्येक अंतरासाठी झेड = वर्गमूळ × एम-पाय-एल धरा आणि 'प्रतिमांची संख्या × ४ × के-१(झेड) ÷ झेड' मिळवत जा; के-१ हे सुधारित बेसेल फलन. बेरजेला ०.०१३६ ने गुणलं की पायॉनचा क्षय स्थिरांक तेवढ्या प्रमाणात घटतो, आणि वस्तुमान त्याच्या पाव हिश्श्याने वाढतं. एम-पाय-एल ४ असेल तर क्षय स्थिरांकातली घट सुमारे ०.१३ टक्के, ३ असेल तर ०.६४ टक्के.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जवळच्या सहा प्रतिमांवरच थांबणं: एम-पाय-एल ३ असताना बेरजेचा जवळपास तिसरा हिस्सा त्यात सुटतो. दुसरी, क्षय स्थिरांकासाठी ९२ ऐवजी १३० एमईव्हीची प्रथा वापरणं: दुरुस्ती थेट निम्मी होते.

सूत्र जमलं तरी ते डेटावर तपासाच. त्यासाठी फक्त लांबी वेगळी असलेली एन्सेम्बल्स (संगणकावर तयार केलेले नमुन्यांचे संच) लागतात. एमआयएलसी या लॅटिस गटाच्या ०.१२ फर्मी अंतराच्या, २२० एमईव्ही पायॉनच्या संचात २४³, ३२³ आणि ४०³ अशा तीन पेट्या आहेत; एम-पाय-एल ३.२, ४.३, ५.४. तिन्हींवर स्मिअरिंग (कणाचा स्रोत पसरवण्याची रीत) आणि फिटची खिडकी (फिटमध्ये घेतलेला काळाचा पट्टा) तीच ठेवा, नाहीतर उत्तेजित अवस्थांचा फरक पेटीच्या नावावर जमा होतो. तीन बिंदूंवर घातांक मोकळा सोडू नका. सिद्धांताचा आकार धरा आणि फक्त गुणक फिट करा.

चारचा नियम सर्वांत मोठा दगा देतो तो म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) चुंबकीय आघूर्णातल्या हॅड्रॉनी वाट्यात, म्हणजे क्वार्कांमुळे येणाऱ्या भागात. तिथे दूरच्या काळातला दोन पायॉनचा भाग महत्त्वाचा ठरतो. बीएमडब्ल्यू या लॅटिस गटाच्या २०२१ च्या गणनेत ६.२७२ फर्मीच्या पेटीसाठी, म्हणजे एम-पाय-एल ४.३ असूनही, दुरुस्ती १८.७ × १०⁻¹⁰ होती, त्या वाट्याच्या सुमारे २.६ टक्के. ती थेट तपासण्यासाठी त्यांनी १०.७५२ फर्मीची पेटी वापरली.

गणनेत क्यूईडी (विद्युतचुंबकीय बलाचा सिद्धांत) घातलीत तर चूक घातांकी वेगाने घटेल ही आशाच सोडा. फोटॉनला वस्तुमान नाही, म्हणून चूक १/एल ने घटते. प्रत्येक काळ-छेदातली फोटॉनची शून्य-संवेग तरंगरूपं काढून टाकली असतील, तर एकक प्रभाराच्या कणाचं वस्तुमान २.८३७३ × आल्फा ÷ (२ एल) × (१ + २ ÷ (एम एल)) इतकं कमी दिसतं. इथे एम म्हणजे त्या कणाचंच वस्तुमान, आल्फा म्हणजे विद्युतचुंबकीय बलाचा स्थिरांक (सुमारे १/१३७) आणि एल म्हणजे बाजूची लांबी, १९७.३ ने भागलेली. ५.७६ फर्मीत प्रोटॉनसाठी हे ०.३८ एमईव्ही. न्यूट्रॉन-प्रोटॉन फरकच मुळात १.२९३ एमईव्हीचा, त्यामुळे ही दुरुस्ती न लावता आकडा देणं चुकीचंच.

दोन पायॉनच्या ऊर्जापातळ्या मात्र वेगळ्या ठेवा. त्यांचं १/एल³ ने होणारं सरकणं पुसायचं नसतं: ल्यूशरच्या सूत्रात ती पातळी घातली की त्याच ऊर्जेचं विकिरण-कलांतर (स्कॅटरिंग फेज शिफ्ट, म्हणजे दोन पायॉन एकमेकांवर आदळल्यावर त्यांच्या तरंगाची कला किती सरकते ते) मिळतं.