क्रियापदाचा अर्थ कसा ओळखावा?

व्याकरणात क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणजे शब्दकोशातला अर्थ नव्हे. बोलणारा नुसती माहिती देतोय, हुकूम सोडतोय, इच्छा किंवा कर्तव्य सांगतोय, की न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. तोच त्याचा अर्थ. मराठीत याच क्रमाने स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. व्याख्या पाठ असूनही अनेकजण ऐनवेळी अडखळतात.

आधी वाक्यातले मुख्य क्रियापद हेरा. मग वाक्य नकारार्थी करून बघा. माझ्या मते याहून सोपी कसोटी नाही, कारण मराठीत दर अर्थाचा नकार निराळा असतो. ‘ती जाते’चे ‘जात नाही’ झाले, तो स्वार्थ. ‘तू जा’चे ‘जाऊ नको’, तो आज्ञार्थ. ‘तिने जावे’चे ‘जाऊ नये’, तो विध्यर्थ. ‘ती गेली असती’चे ‘गेली नसती’, तो संकेतार्थ.

विध्यर्थापाशी जरा रेंगाळा, खरी गंमत तिथेच आहे. आता कर्त्याकडे पाहा. ‘त्याने आज यावे’ यात आग्रह किंवा कर्तव्य आहे. ‘तो आज यावा’ म्हटले की ‘ने’ गळतो आणि अपेक्षा उरते. ‘ते पोचले असावेत’ हा तर निव्वळ तर्क. त्याचा नकार ‘पोचले नसावेत’, तिथे ‘नये’ चालतच नाही. एकाच ‘वे-वा’ची ही सगळी कामे!

काळाशी गल्लत करू नका. ‘ती आता झोपली असेल’ यात रूप भविष्याचे, पण अंदाज आत्ताचा आहे. परीक्षेत रूपाला धरून स्वार्थ लिहा.

दुसरी भाषा शिकताना हीच नजर ठेवा. संस्कृतात आज्ञेला लोट्, विधीला विधिलिङ् आणि न घडलेल्या संकेताला लृङ् लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा गट, येतो. स्पॅनिशमध्ये ‘तो येतो असे मला वाटते’ यात ‘येतो’साठी ‘बिएने’, तर ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’ यात ‘यावा’साठी ‘बेंगा’. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हणजे ‘आला’ आणि ‘गेल्मिश’ म्हणजे ‘आला म्हणे’. आपण वेगळा शब्द जोडून जे सांगतो, ते तिथे प्रत्यय सांगतो. म्हणून नव्या भाषेत काळांचे तक्ते घोकण्याआधी ‘येतो’, ‘ये’, ‘यावा’, ‘आला असता’ ही चार रूपे विचारून घ्या.