अनेक सर्व्हरवर नेटवर्कवरून ईएसएक्सआय आपोआप कसे बसवावे

व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल यंत्रे चालवणारी प्रणाली) दोन-तीन सर्व्हरवर बसवायचे असेल, तर पेन ड्राइव्ह लावून आणि पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरे देत ते काम हाताने उरकता येते. रॅकमध्ये तीस-चाळीस सर्व्हर एकदम येतात, तेव्हा मात्र हीच पद्धत घातक ठरते. एका यंत्राचा आयपी पत्ता चुकतो, दुसऱ्याचे नाव वेगळ्याच नमुन्यात पडते, आणि हे फरक नेमके क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट, बांधताना उघडे पडतात. सर्व्हरने स्वतःच नेटवर्कवरून इन्स्टॉलर उचलावा आणि सगळी उत्तरे आधी लिहून ठेवलेल्या फाइलमधून घ्यावीत, अशी व्यवस्था कशी उभारावी, ते येथे दिले आहे. आज्ञांची व फाइलींची नावे लेखात देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टंकावीत.

आधी यादी, मग सर्व्हर

पहिली पायरी संगणकावरची नाही. प्रत्येक सर्व्हरचा अनुक्रमांक, रॅकमधील जागा, ज्या नेटवर्क कार्डावरून तो बूट होणार त्याचा मॅक पत्ता (कार्डावर कोरलेली ओळख), त्याला द्यायचे नाव, आयपी पत्ता, व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगळे केलेले नेटवर्क) क्रमांक आणि ज्या डिस्कवर ईएसएक्सआय बसवायचे तिचे मॉडेल, हे सारे एका तक्त्यात भरावे. पुढच्या सगळ्या फाइली या तक्त्यावरूनच तयार होतात, त्यामुळे येथे राहिलेली चूक यंत्रे निमूटपणे आणि फार वेगाने सर्वत्र पोहोचवतात. एकूण कामातला निम्मा वेळ या तक्त्यावर गेला तरी तो सत्कारणी लागला, असे माझे ठाम मत आहे.

याच वेळी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची डिस्क-प्रतिमा असलेली फाइल, निवडावी. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रांसाठी तयार केलेली आयएसओ मिळत असेल, तर तीच घ्यावी, कारण तिच्यात त्या यंत्रांच्या नेटवर्क व स्टोरेज कार्डांचे ड्रायव्हर आधीच असतात. आवृत्ती ७ पासून लिनक्सवर आधारित जुने ड्रायव्हर काढून टाकले गेले आहेत. त्यामुळे जुनी कार्डे असलेल्या यंत्रांवर नेटवर्क कार्डच न सापडल्याने काम अडते. बूट डिस्क किमान ३२ जीबीची असावी. एसडी कार्डावर नवी उभारणी करू नये.

बूट सेवा उभी करणे

सर्व्हर सुरू होताना त्याचे नेटवर्क कार्ड पीएक्सई (नेटवर्कवरून बूट होण्याची) पद्धतीने डीएचसीपीकडे, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागते, उत्तरात बूट फाइलचे नाव व ती देणाऱ्या यंत्राचा पत्ता मिळतो, आणि मग टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक सेवेवरून ती फाइल उतरवली जाते. या दोन्ही सेवा डीएनएसमास्क हा एकच छोटा प्रोग्राम देऊ शकतो. कार्यालयात डीएचसीपी आधीपासून दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालवावा, म्हणजे पत्ते जुनीच सेवा वाटेल आणि बूटची माहिती तेवढी आपली सेवा देईल. उत्तरफाइल देण्यासाठी एनजिनएक्ससारखा कोणताही साधा वेब सर्व्हर पुरतो.

डीएचसीपीच्या मागणीतील पर्याय क्रमांक ९३ मध्ये यंत्र आपला प्रकार सांगते: जुन्या बायोससाठी (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ०, त्याची जागा घेणाऱ्या ६४ बिटच्या यूईएफआयसाठी ७. दोन्ही प्रकारांना एकच बूट फाइल चालत नाही. नव्या सर्व्हरवर सर्वत्र यूईएफआयच ठेवावे आणि ७ क्रमांकाच्या यंत्रांना एमबूट.ईएफआय ही फाइल द्यावी. ही फाइल म्हणजे आयएसओच्या ईएफआय/बूट फोल्डरातील बूटएक्स६४.ईएफआय; ती टीएफटीपीच्या मूळ फोल्डरात या नव्या नावाने ठेवायची. नव्या आवृत्त्यांत तिच्या शेजारी असणारी क्रिप्टो६४.ईएफआय हीसुद्धा सोबत न्यावी.

आयएसओतील उरलेला सगळा मजकूर टीएफटीपीच्या एका उपफोल्डरात उतरवावा आणि त्यातील बूट.सीएफजी ही फाइल उघडावी. तिच्यात तीन बदल करायचे आहेत. कर्नल व मॉड्यूल्स या ओळींतील प्रत्येक फाइलनावाआधीची तिरकी रेघ काढावी, प्रीफिक्स या ओळीत उपफोल्डरचे नाव लिहावे, आणि कर्नलऑप्ट या ओळीत सीडीवरून बूट करण्याचा शब्द काढून त्या जागी केएस= आणि उत्तरफाइलचा एचटीटीपी पत्ता द्यावा. रेघ काढायची राहिली, की बूट लोडर फाइली भलत्याच जागी शोधतो आणि थांबतो; पहिल्या प्रयत्नात अडणाऱ्यांनी सर्वप्रथम हेच तपासावे.

एमबूट.ईएफआय आधी यंत्राच्या मॅक पत्त्याच्या नावाचा फोल्डर पाहतो (०१, मग आडवी रेघ, मग आडव्या रेघांनी तोडलेला मॅक पत्ता) आणि तेथे बूट.सीएफजी नसेल तरच आपल्या शेजारची घेतो. म्हणून तक्त्यावरून छोटी स्क्रिप्ट चालवून प्रत्येक सर्व्हरसाठी असा फोल्डर, त्यात बदललेल्या बूट.सीएफजीची प्रत आणि त्याची स्वतंत्र उत्तरफाइल तयार करावी; त्या प्रतीतील केएस= पुढे त्याच उत्तरफाइलचा पत्ता असावा.

उत्तरफाइल आणि डिस्कचा प्रश्न

केएस.सीएफजी ही उत्तरफाइल आटोपशीर असते. परवान्याच्या अटी मान्य असल्याची ओळ, रूट पासवर्ड, डिस्कची निवड, नेटवर्कची ओळ आणि शेवटी रीबूट, एवढ्यावर काम चालते. पासवर्ड उघडा लिहू नये. आयएसक्रिप्टेड हा पर्याय देऊन त्याचा हॅश (मूळ पासवर्ड न दाखवणारे सांकेतिक रूप) लिहावा, कारण ही फाइल त्या नेटवर्कवरील कोणालाही वाचता येते. नेटवर्कच्या ओळीत कार्डाचे नाव देण्यापेक्षा मॅक पत्ता द्यावा, म्हणजे कार्डांचा क्रम बदलला तरी भलत्याच पोर्टला पत्ता लागत नाही.

खरी सावधगिरी डिस्कच्या ओळीत हवी. फर्स्टडिस्क हा पर्याय नुसता लिहिला, तर इन्स्टॉलर आधी यंत्रातील डिस्का, मग नेटवर्कवरील स्टोरेज आणि शेवटी यूएसबी या क्रमाने पहिली योग्य डिस्क घेतो. एखाद्या सर्व्हरची आतील डिस्क रेड कंट्रोलरने (डिस्का सांभाळणाऱ्या कार्डाने) दाखवलीच नाही, तर पुढची पाळी सॅनवरील, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजमधील, सामायिक डिस्कची येते. तीवर इतर सर्व्हरची व्हर्च्युअल यंत्रे चालू असू शकतात. त्यातच ओव्हरराइटव्हीएमएफएस हा शब्द लिहिलेला असेल, तर तेथील डेटास्टोअर, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रांच्या फाइलींचा साठा, न विचारता पुसले जाते. या संपूर्ण कामात परत न फिरवता येणारी हीच एक पायरी आहे. म्हणून फर्स्टडिस्कपुढे डिस्कचे मॉडेल किंवा निदान लोकल हा शब्द लिहावा, कोऱ्या डिस्कांसाठी ओव्हरराइटव्हीएमएफएस मुळीच लिहू नये, आणि इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत सॅनच्या फायबर केबल जोडू नयेत किंवा स्विचवरील झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसावे ही जोडणी) बंद ठेवावे. केबल मागाहून जोडण्याचा त्रास सर्वांनाच नकोसा वाटतो, तरीही तो टाळू नये.

फाइलच्या शेवटी फर्स्टबूट या विभागात पहिल्या बूटनंतरच्या आज्ञा लिहिता येतात, पण सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्या चालत नाहीत. सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा एनटीपी (वेळ जुळवणे), व्हीस्विच (व्हर्च्युअल स्विच) वगैरे जोडणी नंतर पॉवरसीएलआय किंवा अॅन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनांनी करणे श्रेयस्कर.

स्विच आणि बूटचा क्रम

बूट होणारा पोर्ट इन्स्टॉलेशनच्या व्हीलॅनमध्ये टॅगशिवाय (पाकिटांवर व्हीलॅन क्रमांक न लावता) असावा. स्विचवर स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमधील फेरे टाळणारी) जुनी पद्धत चालू असेल, तर पोर्ट वाहतूक सुरू करण्याआधी १५-१५ सेकंदांचे दोन टप्पे घेतो, आणि तेवढ्या ३० सेकंदांत पीएक्सईचा धीर सुटू शकतो; त्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही सोय चालू करावी. एलएसीपीचा, म्हणजे अनेक पोर्ट एकत्र जोडण्याचा, गट नंतर बांधावा.

बूटच्या क्रमात नेटवर्क कायम पहिले ठेवले, तर इन्स्टॉलेशन संपून रीबूट झालेले यंत्र पुन्हा इन्स्टॉलरकडेच जाते आणि हे चक्र थांबत नाही. त्यामुळे कायमचा क्रम डिस्क आधी असाच ठेवावा, आणि दूरस्थ नियंत्रणाच्या आयपीएमआयटूलने, किंवा सर्व्हरमधील आयड्रॅक वा आयएलओ या नियंत्रण-चिपमधून, फक्त पुढच्या एका बूटसाठी पीएक्सई निवडावे.

चाचणी आणि शेवटची तपासणी

प्रथम एकच सर्व्हर चालवावा, मग प्रत्येक वेगळ्या मॉडेलचा एकेक, आणि त्यानंतरच गटागटाने बाकीचे. टीएफटीपी प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्यावरच पुढचा तुकडा पाठवते, त्यामुळे एकदम सगळे सुरू केल्यास सर्वच रेंगाळतात. अडचण आल्यास आधी डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये मागणी पोहोचली का ते पाहावे. इन्स्टॉलर सुरू होऊन थांबला असेल, तर त्याच्या पडद्यावर ऑल्ट व एफ१२ दाबून कर्नलचे संदेश वाचावेत, आणि कन्सोलवर जाऊन व्हार/लॉग फोल्डरातील वीझल.लॉग पाहावी.

यंत्र उभे राहिल्यावर नाव, पत्ता, वेळ व आवृत्ती तक्त्याशी ताडून पाहावी. प्रमाणपत्रावर लोकलहोस्ट हे नाव राहिले असेल, तर व्हीसेंटरला (सगळे ईएसएक्सआय सर्व्हर एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीला) जोडण्याआधी जनरेट-सर्टिफिकेट्स ही आज्ञा चालवून ते नव्याने करावे. सगळे सर्व्हर जोडून झाले, की उत्तरफाइली वेब सर्व्हरवरून काढाव्यात, रूट पासवर्ड बदलावेत आणि त्या व्हीलॅनवरील बूट सेवा बंद करून ठेवावी.