व्हीएमसाठी एसएसडी घेताय? डब्यावरचा मोठा आकडा सोडा, हे बघा

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात आणि इकडे ठाण्यात घोडबंदर रोडला आयटीवाली मंडळी एवढी राहतात की जुना ऑफिस डेस्कटॉप घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे संगणक, चालवणारी प्रणाली) टाकणारं कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. कोणी कुबरनेटीस (अनेक मशीनवर सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली) शिकतंय, कोणी रेड हॅटच्या परीक्षेची तयारी करतंय, आणि नौपाड्यातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात एकाच मशीनवर विंडोज सर्व्हर, टॅली, फाइल शेअरिंग असं सगळं वेगवेगळ्या व्हीएममध्ये चालू असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, दादा सेकंदाला सात हजार एमबीवाली एसएसडी घेऊ का चौदा हजारवाली. माझं म्हणणं असं की व्हीएम चालवायच्या असतील तर तो आकडा बघूच नका, कारण तो एका मोठ्या फाइलचं सलग वाचन मोजतो आणि व्हीएम तसं काम करतच नाहीत.

प्रत्येक व्हीएमला वाटतं डिस्क आपली एकटीची. एकीत विंडोज अपडेट चाललंय, दुसरीत डेटाबेस लॉग लिहितोय, तिसरी बूट होतेय, आणि या सगळ्यांच्या ४ केबी, ८ केबी, १६ केबीच्या बारीक बारीक मागण्या होस्टपर्यंत, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मशीनपर्यंत, पोचतात तोवर त्यांची पार भेळ झालेली असते. सलग असं काही उरतच नाही. त्यामुळे बघायचं ते एवढंच, की छोटी छोटी, विखुरलेली, एकाच वेळी आलेली कामं हा ड्राइव्ह किती पटकन उरकतो आणि हे रोज वर्षानुवर्षं किती सोसतो.

या हिशोबात हार्ड डिस्क पहिल्याच फेरीत बाद होते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला अर्धी फेरी फिरायलाच ४ मिलिसेकंदांच्या वर लागतात, त्यात हेड सरकायचे साधारण ८-९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ७५-८० कामं, फार तर शंभर. तेवढ्यात दोन विंडोज व्हीएम धड बूट होत नाहीत. पण फेकून देऊ नका, आयएसओ फाइली आणि बॅकअप ठेवायला हार्ड डिस्कच परवडते. फक्त ती सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे असणारी) आहे ना हे डेटाशीटमध्ये बघून घ्या, एसएमआर प्रकारची (पट्टे एकमेकांवर चढवलेली) डिस्क मोठं लिखाण सुरू झालं की बसते. २०२० साली डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा नॅसवाल्यांमध्ये (नेटवर्कवर स्टोरेज ठेवणाऱ्यांमध्ये) मोठी ओरड झाली होती, त्यानंतर सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव आलं.

आता साटा का एनव्हीएमई, म्हणजे एसएसडी मशीनला जोडायच्या दोन पद्धती. साटाची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते आणि तिच्याकडे एकच रांग असते, त्यात एका वेळी ३२ कामं. एनव्हीएमईत रांगाच हजारोंनी ठेवता येतात, स्पेसिफिकेशनमध्ये ६४ हजारांपर्यंत, म्हणून बऱ्याच व्हीएम एकदम भिडल्या की फरक जाणवतो. बोर्डावर स्लॉट असेल तर नवी घेताना एनव्हीएमईच घ्या. पण जेन ३, जेन ४, जेन ५ (एनव्हीएमई ज्यावर चालते त्या पीसीआयई जोडणीच्या पिढ्या) या भानगडीत जास्त पैसे घालू नका. जेन ३ ची कमाल साडेतीन हजारांच्या आसपास, जेन ४ ची सात हजार, जेन ५ ची चौदा हजार, हे खरंय, पण एका वेळी एकच ४ केबीची मागणी पाठवली तर यातले बरेचसे ड्राइव्ह सेकंदाला ६० ते ९० एमबीच्या मधेच कुठेतरी सापडतात, आणि व्हीएमच्या आत बसलेल्या माणसाला जे फास्ट किंवा स्लो वाटतं ते बरंचसं याच आकड्यावर. शिवाय आपण जे सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप घेतो त्यातले दहाव्या जनरेशनपर्यंतचे इंटेलवाले जेन ३ च आहेत, जेन ५ लावलीत तरी ती जेन ३ च्याच वेगाने चालणार. आणि एम.२ हा नुसता बोर्डावर बसणाऱ्या पट्टीचा आकार आहे हे विसरू नका, एम.२ मध्ये साटापण येते, काही बोर्डांचा दुसरा एम.२ स्लॉट फक्त साटावाला असतो, काहींमध्ये तो वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड करून ते पान वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

खरा फरक पडतो तो आतल्या फ्लॅशमुळे, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपमुळे, इथे जरा नीट थांबून बघा. टीएलसीमध्ये एका सेलमध्ये ३ बिट बसतात, क्यूएलसीमध्ये ४. जितके जास्त बिट तितकं लिहायला हळू आणि सेल लवकर झिजतो. हे झाकायला कंपन्या थोडी फ्लॅश एसएलसीसारखी (सेलमध्ये एकच बिट) वापरून कॅश बनवतात, म्हणून पहिले काही जीबी झपझप लिहिले जातात आणि रिव्ह्यूवाला खूश होतो. पण तुम्ही दोनशे जीबीची व्हीएम क्लोन करायला घेतलीत, किंवा रात्री बॅकअप रिस्टोअर करताय, की ती कॅश भरते आणि क्यूएलसी ड्राइव्ह शंभर-दोनशे एमबीवर येऊन बसतो, कधी कधी हार्ड डिस्कपेक्षाही खाली, आणि तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या व्हीएम अडकून पडतात. ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ही कॅशही लहान होते. म्हणून व्हीएमसाठी टीएलसीच घ्या, क्यूएलसी कितीही स्वस्त मिळाली तरी ती सिनेमे-फोटो साठवायला ठेवा.

टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतं, ते बघायची सवय लावा, हा आकडा कंपनी स्वतःच छापते म्हणून तुलना सोपी जाते. १ टीबीच्या सॅमसंग ९९० प्रोला ६०० टीबीडब्ल्यू आहे, क्रुशल एमएक्स५०० ला ३६०, आणि क्रुशल पी३ ला २२०. पाच वर्षांवर वाटलं तर ९९० प्रोला रोजचे सव्वातीनशे जीबी येतात आणि पी३ ला १२० जीबी. तुम्ही म्हणाल मी कुठे रोज १२० जीबी लिहितोय, पण झेडएफएस (फाइलसिस्टीमचा एक प्रकार) टाकलं, पाच-सहा व्हीएम चोवीस तास चालू ठेवल्या, प्रत्येकीचे लॉग, स्वॅप, मॉनिटरिंग असं सगळं धरलं की फ्लॅशवर जाणारं लिखाण व्हीएमने लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. आणि घेताना नेमकं मॉडेल आणि अलीकडचा रिव्ह्यू दोन्ही बघा, कारण त्याच नावाखाली आतला माल बदलतो, २०२१ मध्ये क्रुशल पी२ आधीच्या टीएलसीऐवजी क्यूएलसीसकट येऊ लागली होती ते आठवत असेल.

डीरॅमचंही थोडं. कुठला डेटा फ्लॅशवर कुठे आहे याचा नकाशा ड्राइव्हला सतत लागतो, तो ठेवायला चांगल्या ड्राइव्हवर दर टीबीमागे साधारण १ जीबी डीरॅम असते. स्वस्तवाले तुमच्याच मशीनच्या रॅममधून थोडे एमबी उसने घेतात, त्याला एचएमबी म्हणतात. एखाददुसऱ्या व्हीएमला ते पुरतं, पण मोठ्या जागेवर विखुरलेलं काम चालू असेल तर नाही पुरत. साटामध्ये तर एचएमबी नसतंच, म्हणून डीरॅम नसलेली साटा एसएसडी व्हीएमसाठी घेऊच नका.

आता पीएलपी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन. व्हीएममधला डेटाबेस काही पक्कं करायचं म्हटलं की डिस्कला सांगतो की हे खरंच लिहिलं गेलं असं कळेपर्यंत मी थांबतो. याला सिंक राइट म्हणतात. साध्या एसएसडीला तेव्हा खरोखर फ्लॅशवर लिहावं लागतं आणि लाख-लाख आयओपीएस (सेकंदाला होणारी कामं) सांगणारा ड्राइव्ह काही शे किंवा फार तर एक-दोन हजारांवर येतो. पीएलपीवाल्या ड्राइव्हवर कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी डीरॅममधला डेटा फ्लॅशवर उतरवण्याएवढी वीज त्यांच्यात असते, त्यामुळे तो बिनधास्त लगेच हो म्हणतो आणि तिथे आकडा दहा हजारांच्या वर जातो. कुबरनेटीसवाल्यांनी तर हे नीट लक्षात घ्या, ईटीसीडीला (कुबरनेटीसच्या आतल्या डेटाबेसला) ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत एफडेटासिंक, म्हणजे डेटा खरंच लिहिला गेल्याची खात्री, लागतं, नाहीतर लीडर (निर्णय घेणारं मुख्य मशीन) सारखा बदलत राहतो आणि तुम्ही नेटवर्कमध्ये चूक शोधत बसता. इथे बरेच जण म्हणतात की माझ्याकडे युपीएस आहे, पावसाळ्यात लाइट गेली तरी मशीन चालूच राहतं, मग पीएलपी कशाला. युपीएस हवाच, पण तुम्हाला युपीएस आहे हे एसएसडीला कुठे माहीत असतं, ती सिंक राइटला तेवढीच हळू राहणार. युपीएस मशीन वाचवतो, वेग मात्र पीएलपीच देते.

आणि ही पीएलपी घरगुती बजेटमध्ये मिळते, सेकंडहँड एंटरप्राइझ साटा ड्राइव्ह बघा. इंटेल डीसी एस३५००, एस३७००, सॅमसंग पीएम८८३ ही नावं शोधा. एस३७०० तर पाच वर्षं रोज दहा वेळा पूर्ण भरून लिहिता येईल अशा हिशोबाने बनवलेली होती, ४०० जीबीच्या ड्राइव्हला ७.३ पेटाबाइट, त्यामुळे अर्धी वापरलेली मिळाली तरी घरच्या लॅबला संपत नाही. कागदावर जेन ४ पेक्षा कितीतरी हळू, पण डेटाबेसवाल्या व्हीएम तिच्यावर जास्त सुरळीत चालतात, चोवीस तासांच्या मशीनला मी तीच सुचवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच लावून स्मार्टसीटीएल या ड्राइव्हची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रामचा रिपोर्ट बघा, वेअर किती टक्के झालंय, किती तास चाललाय, रीअॅलोकेटेड सेक्टर आणि अनकरेक्टेबल एरर शून्य आहेत का. दुकानदार लावून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. एसएएस या सर्व्हरवाल्या जोडणीचा कनेक्टर साटासारखाच दिसतो पण साध्या बोर्डाच्या साटा पोर्टला तो बसत नाही, यू.२ या सर्व्हरवाल्या एनव्हीएमईला वेगळी केबल किंवा अॅडॉप्टर लागतो, आणि पीएलपीवाले एम.२ बहुतेक २२११० म्हणजे लांब आकाराचे असतात, मिनी पीसीत मावत नाहीत. सर्व्हर कंपनीचं लेबल लावलेल्या ड्राइव्हची वॉरंटी मूळ उत्पादक सहसा देत नाही, तेवढं भावात धरून चला.

साइज किती घ्यायची? विंडोज ११ ला एकट्याला किमान ६४ जीबी मागतात, मग स्नॅपशॉट, क्लोन, आणि २० टक्के तरी मोकळी जागा. मी म्हणेन १ टीबीपासून सुरुवात करा, जमलं तर २ टीबी, म्हणजे टीबीडब्ल्यूही दुप्पट मिळतं. थिन प्रोव्हिजनिंगमध्ये (जागा लागेल तशी देण्याच्या पद्धतीत) ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ९०० जीबीच्या व्हीएम वाटता येतात खऱ्या, पण पूल, म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली खरी जागा, भरला त्या क्षणी सगळ्याच व्हीएमना लिहिताना एरर यायला लागतात, त्यामुळे ८० टक्क्यांचा अलर्ट लावून ठेवा. होस्टची ओएस छोट्या वेगळ्या एसएसडीवर ठेवा, उद्या प्रॉक्समॉक्स परत टाकायची वेळ आली तर व्हीएमना हात लागत नाही. ऑफिससाठी असेल, त्या सीएच्या ऑफिससारखं, तर दोन ड्राइव्ह मिररमध्ये लावा, शक्यतो दोन वेगळ्या बॅचचे, आणि मिररला बॅकअप समजू नका, कोणी चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते.

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन वापरत असाल (वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे) तर १० जीबीपीएसच्या एन्क्लोजरमधली (केबलने बाहेरून जोडायच्या डबीतली) टीएलसी एनव्हीएमई चालून जाते, फक्त केबल आखूड आणि चांगली घ्या आणि व्हीएम चालू असताना ती हलवू नका, क्षणभर जरी सुटली तरी गेस्टची (व्हीएमच्या आतल्या ओएसची) फाइलसिस्टीम बिघडू शकते. पेनड्राइव्हवर व्हीएम नको.

बसवल्यावर प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या डिस्कसाठी व्हर्टआयओ स्कझी सिंगल, आयओ थ्रेड आणि डिसकार्ड चालू करा, गेस्टमध्ये एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवणारी कमांड) आठवड्याला चालू द्या, नाहीतर उडवलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कधी परत मिळतच नाही आणि तो हळूहळू मंदावतो. कॅश मोडमधला अनसेफ पर्याय नावाप्रमाणेच आहे, लावू नका. मे महिन्यात बंद खोलीत, टीव्हीखालच्या कपाटात मिनी पीसी ठेवला असेल तर ड्राइव्हचं तापमानही बघत जा, ७०-८० डिग्रीच्या पुढे गेला की तो स्वतःच वेग कमी करतो, साधा हीटसिंक आणि थोडी हवा पुरते.

नवा ड्राइव्ह आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने दोन टेस्ट करा. पहिली ४ केबी, रँडम राइट, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच मागणी), प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक (खरंच लिहिलं गेल्याची खात्री), मिनिटभर. इथे शे-दोनशे आयओपीएस आले तर त्यावर डेटाबेस ठेवू नका. दुसरी टेस्ट म्हणजे ड्राइव्हच्या अर्ध्याहून जास्त जागेवर सलग लिहीत राहायचं आणि वेग कुठे पडून स्थिर होतो ते बघायचं. सुरुवातीचा आकडा कॅशचा असतो, नंतर जो टिकतो तो ड्राइव्हचा, आणि टीएलसी म्हणून विकलेला ड्राइव्ह तिथे ८०-१०० एमबीवर आला तर बिलासकट परत करा. या टेस्टमध्ये ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा कमांड देण्याआधी डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा.