सीपॅप मास्क वापरताना या चुका टाळा : पट्टे आवळून हवा थांबत नाही

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं बाबांचं सीपॅप मशीन आलं त्या दिवशी पुरवठादाराच्या मुलाने त्यांना हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसवलं, मास्क चढवला, पट्टे ओढले, "झालं काका" म्हणाला आणि चहा घेऊन गेला. रात्री दीड वाजता आईची हाक आली, "अगं ऊठ, ह्यांचं ते मशीन बघ, कुकरसारखं फुसफुसतंय." मी उठले आणि दोन्ही पट्टे आणखी आवळले. फुसफुस थांबली नाहीच, सकाळी बाबांच्या नाकावर, चष्मा टेकतो तिथे, लालभडक वळ मात्र उठला होता.

मास्क बसून आणि हवा बंद ठेवून लावणं ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या चुका तिच्याच पोटातल्या. माणूस आडवा झाला की गाल कानांकडे ओघळतात, जबडा सैलावतो. खुर्चीत बसवलेला मास्क त्या चेहऱ्याला बसत नाही. शिवाय मशीनचा दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो आणि ऑटो मशीनमध्ये तो रात्रभर वर-खाली होतो. 6 वर गप्प बसणारा मास्क 12 वर फुसफुसू शकतो. झोपताना दाब हळूहळू चढवणारा रॅम्प चालू असेल तर आपण तपासतो कमी दाबावर, आणि गळती सुरू होते आपण झोपल्यावर.

म्हणून रोजच्या उशीवर, रोजच्या कुशीवर झोपा. मशीन चालू करा. काही मशीनमध्ये 'मास्क फिट' नावाची सोय असते, ती थोडा वेळ जास्त दाबाने हवा सोडते; असेल तर तीच वापरा. पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला, चेहऱ्याला टेकणारं कुशन हवेने फुगू द्या आणि मग अलगद टेकवा. कुशनची कड पातळ सिलिकॉनची असते. आतल्या हवेने ती फुगते आणि कातडीला लागून राहते. पट्टा आवळला की ती चेपते, तिला सुरकुती पडते आणि नेमकी त्या सुरकुतीतून हवा निसटते. आपण पुन्हा आवळतो! आवळायचंच तर दोन्ही बाजू जोडीने, थोडं थोडं. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे.

मात्र मास्कमधून येणारी सगळीच हवा गळती नसते. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो, त्यामुळे तिथली मंद, सलग सळसळ हवीच. आवाज नको म्हणून ती छिद्रं चिकटपट्टीने बुजवणारे गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. हे धोक्याचं आहे, करू नका. खरी गळती कडेने होते. सकाळी डोळे लाल आणि कोरडे असतील तर हवा नाकाच्या वरच्या बाजूने डोळ्यांत जाते आहे. नाकाचा मास्क असून तोंडाला कोरड पडत असेल तर झोपेत तोंड उघडतंय. त्यावर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असे उपाय आहेत, पण आधी डॉक्टरांना विचारा. नाक चोंदलेलं असेल तर मूळ दुखणं वेगळंच.

आमच्याकडे आणखी एक गंमत होती. बाबा रात्री कवळी काढून वाटीत ठेवतात आणि मास्कचं माप घेतलं होतं कवळी घालून. कवळी काढली की गाल आणि ओठ आत जातात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची खालची बाजू अधांतरी राहते. ज्या तोंडाने झोपायचं त्याच तोंडाचं माप द्यायचं, एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलं नाही. मिशीचंही तसंच. कुशनची कड मिशीवर टेकली की गळणारच. भरघोस मिशी ठेवायची असेल तर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क बघावा.

तेलाचं तर विचारू नका. डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय मास्कच्या पट्ट्यांना मानवत नाही. ते तेल पितात, ढिले पडतात, वेलक्रो धरेनासं होतं. नाकाला लावलेला बाम, व्हॅसलिन आणि रात्रीची क्रीम कुशनखालून घसरतात आणि सिलिकॉनही खराब करतात. तोंड धुऊन, पुसून मगच मास्क लावायचा.

धुण्यात दोन टोकाचे लोक भेटतात. एक महिनोन्‌महिने धुतच नाहीत, दुसरे बाळाच्या बाटलीसारखं उकळायला ठेवतात. रोज सकाळी कुशन कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, खळखळून विसळायचं, बस्स. स्पिरिट, सॅनिटायझर, ब्लीच, जंतुनाशक द्रावण काही नको. आईने पहिल्याच आठवड्यात पट्टे आणि कुशन कडक उन्हात दोरीवर लावलं होतं. ऊन लागलं की बरं असतं हे पापडांना ठीक. सिलिकॉन उन्हाने लवकर जुनं होतं. सावलीत, पंख्याखाली वाळवा. पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा धुवा. पावसाळ्यात पट्टे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि कुबट वास मारतात, म्हणून पट्ट्यांचा एक जादा संच घ्या.

मशीनची हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर चढतो. उरलेलं पाणी रोज ओतून टाका; कालच्यातच आजचं भरू नका. थंडीत किंवा एसीच्या खोलीत नळीत वाफेचं पाणी होऊन थेंब नाकात येतात. तेव्हा मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळीला कापडी खोळ घाला, ओलावा एक पायरी कमी करा.

लाइट गेली तर? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला मशीन थांबताच उघडणारी झडप असते, त्यातून बाहेरची हवा मिळते. ती चिकटून बसलेली नाही ना, हे धुताना बघा. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा. वीज खातो तो त्याचा हीटर.

काही मास्कच्या क्लिपांमध्ये चुंबक असतं. वापरणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, शरीरात धातूची क्लिप असेल, तर असा मास्क घरात आणू नका. हे दुकानात आपणहून कुणी विचारत नाही.

वळाची जागा सोलवटली तर मात्र मलम लावून तसंच दामटू नका आणि मशीनही परस्पर बंद करू नका. मास्कचा प्रकार बदलून मिळतो का ते विचारा. आणि तीन महिन्यांपूर्वी सैल पट्ट्यावर नीट बसणारा मास्क आता दोन खाचा पुढे ओढावा लागत असेल, तर कुशन मऊ पडलंय. नुसतं कुशन वेगळं मिळतं. अख्खा मास्क गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला तेवढं विचारून बघा.