अनुस्वार कुणी खाल्ला? लेझर मायक्रोफिल्म करताना या चुका टाळा

लेझर मायक्रोफिल्म म्हणजे स्कॅन केलेली पानं लेझरने अगदी लहान आकारात फिल्मवर लिहिणं. त्यात डेन्सिटी, म्हणजे फिल्मचा काळेपणा, जरा उतरली की पहिला हात लेझरच्या एक्स्पोजरकडे, म्हणजे प्रकाशाच्या मात्रेकडे जातो. नव्या मुलांचं मी एक वेळ समजू शकतो, पण डार्करूममध्ये दहा-दहा वर्षं काढलेली माणसंही हेच करतात. स्क्रीनवरचा आकडा वाढवायला दोन सेकंद लागतात. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, तपासायचा तर हात ओले करावे लागतात, त्याचा कंटाळा.

या कंटाळ्याचं बिल मी भरलेलं आहे. एका ग्रंथालयाच्या जुन्या मराठी वृत्तपत्रांची स्कॅन आम्ही ३५ मिमी फिल्मवर लिहीत होतो. पार्श्वभूमीची डेन्सिटी १.१ ठरली होती. सोमवारी ती १.० आली. ऑपरेटरने एक्स्पोजर एक घर चढवलं. बुधवारी आणखी एक. शनिवारपर्यंत चार घरं चढली होती आणि नोंदवहीत मात्र रोज सुरेख १.१. मीही सही करत गेलो. प्रती ग्रंथालयात पोचल्यावर तिथल्या बाईंचा फोन आला, "अहो, तुमच्या फिल्मवर सगळे मंत्री 'मत्री' झालेत!" बारीक टायपातले अनुस्वार साफ गेले होते. मास्टर, म्हणजे प्रती जिच्यावरून काढतात ती मूळ फिल्म, मायक्रोस्कोपखाली धरला, तर तिथेही निम्मे गायब.

कारण साधं आहे. निगेटिव्हवर अक्षर पारदर्शक आणि भोवतीचा कागद काळा. म्हणजे लेझर कागद लिहितो, अक्षराची जागा नुसती सोडून देतो. एक्स्पोजर वाढवलं की लेझरचा प्रत्येक ठिपका पसरतो आणि त्या सोडलेल्या जागेत घुसतो. सगळ्यात लहान जागा अनुस्वाराची, म्हणून पहिला बळी तोच. डेन्सिटोमीटर फक्त काळा भाग मोजतो, त्याला अनुस्वाराशी काही देणंघेणं नाही. खरा दोष कुठे निघाला? रिप्लेनिशरच्या नळीत खडे धरले होते. ताजं रसायन टाकीत पोचतच नव्हतं, डेव्हलपर दमत चालला होता आणि आम्ही त्याच्या वाटचं काम लेझरकडून करून घेत होतो. सगळे रोल पुन्हा लिहिले, आमच्या खर्चाने.

तेव्हापासूनची माझी सवय: सकाळी पहिलं काम कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे रसायन तपासण्यासाठी त्यातून काढायची फिल्मची पट्टी. ती लेझरने लिहिलेली नको, आधीच सेन्सिटोमीटरवर (ठरावीक प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) एक्स्पोज करून फ्रीजमध्ये ठेवलेली हवी. यंत्र रोलच्या सुरुवातीला स्वतःची ग्रे पट्टी लिहितं, तिच्यावर पुष्कळजण भागवतात. पण ती पट्टी बिघडली तर दोष लेझरचा की रसायनाचा, हे कसं कळणार? स्ट्रिप बरोबर येईपर्यंत एक्स्पोजरला हात लावायचा नाही. आणि दर रोलवर सहा पॉइंटाच्या मजकुराची एक चौकट मी डोळ्यांनी वाचतो. वेळ जातो, जाऊ दे. उलट एक्स्पोजर फार कमी ठेवलं तर लेझरच्या ओळी एकमेकींना चिकटत नाहीत आणि काळ्या भागात धोतराच्या विणीसारख्या रेघा दिसतात.

आता प्रती. इथे दिशाच चुकते. डायरेक्ट ड्युप्लिकेटिंग सिल्व्हर फिल्मवर (निगेटिव्हवरून थेट निगेटिव्ह देणाऱ्या) आणि डायझो या अमोनियाने उमटणाऱ्या फिल्मवर जास्त प्रकाश दिला की प्रत फिकी होते, गडद नव्हे. डायझोत प्रकाश पडेल तिथला डायझो क्षार मोडतो, मग अमोनियाने रंग धरायला तिथे काही उरतच नाही. हे दहादा सांगूनही फिकी प्रत बघून दिवा वाढवणारे महाभाग आहेत. व्हेसिक्युलर या तिसऱ्या जातीच्या प्रत-फिल्मचं याच्या नेमकं उलट: प्रकाश पडतो तिथे उष्णतेने नायट्रोजनचे बुडबुडे फुगतात आणि तो भाग गडद दिसतो. हे बुडबुडे प्रकाश अडवत नाहीत, विखुरतात. त्यामुळे विखुरलेला प्रकाशही मोजणाऱ्या साध्या डिफ्यूज डेन्सिटोमीटरवर आकडा कमी येतो. व्हेसिक्युलरची डेन्सिटी प्रोजेक्शन पद्धतीनेच, म्हणजे सरळ पार गेलेला प्रकाश धरून मोजा. मास्टर गरजेपेक्षा काळा असेल तर कुठलीच प्रत धड येत नाही, तेव्हा मास्टरचं एक्स्पोजर ठरवतानाच तिसऱ्या पिढीची प्रत (प्रतीवरून काढलेली प्रत) काढून बघायची. मास्टर एकटाच छान दिसून काय उपयोग?

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रत काढताना इमल्शनला (फिल्मच्या चित्र धरणाऱ्या थराला) इमल्शन चिकटलेलं हवं, नाहीतर अक्षरं मऊ पडतात. पावसाळ्यात फ्रीजमधला फिल्मचा डबा लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डायझो आणि सिल्व्हर एका डब्यात ठेवू नका. धुण्याच्या पाण्यात काटकसर नको: पाचशे वर्षं टिकणारी म्हणून फिल्म विकायची तर तिच्यावर उरलेला हायपो (फिक्सरमधलं रसायन) दर चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅमच्या वर चालत नाही. त्याची मिथिलीन ब्लू चाचणी प्रोसेसिंगनंतर दोन आठवड्यांच्या आत करावी लागते, वर्षअखेरीला ऑडिटच्या तोंडावर नव्हे.

आणि डार्करूमचा नेहमीचा लाल दिवा. लाल लेझरसाठी बनवलेली फिल्म लाल प्रकाशालाच सर्वात हळवी असते. आमच्याकडे एका नव्या पोराने मोठ्या आत्मविश्वासाने लाल दिवा लावून अख्खा रोल उघडला होता. त्याचं नाव अजून 'लालदिवा'च आहे.