मोठ्यांच्या उवा कुठे शोधाल?
उवा म्हणजे शाळकरी मुलींचा त्रास, असं समजून आपण स्वतःचं डोकं बघतच नाही. लेकीला झाल्या असतील तर आईनं, आजीनंही बारीक दातांची फणी फिरवावी. आधी कानामागे आणि मानेवरच्या केसांत बघा. कोंडा सहज झटकला जातो. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, नखांनी ओढून काढावी लागते.

अंगावरच्या उवा मात्र कपड्यांच्या शिवणीत राहतात. ते कपडे कडक गरम पाण्यात धुवा, शिवणीवरून इस्त्री फिरवा. जांघेतल्या उवा काखेत, दाढीत, पापण्यांवरही सापडतात; लाज न धरता जोडीदारासह डॉक्टरांकडे जा.

औषधानंतर 7 ते 10 दिवसांनी पुन्हा तपासा, तोवर उरलेल्या लिखा फुटतात. रॉकेल मात्र कधीच लावू नका, ते पेट घेतं.